तणावाची संप्रेरके आणि माणसाची स्मरणशक्ती



खरिपाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही बँकेत दिसणारे हे दृश्य आहे. पीककर्जासाठी आलेला शेतकरी खिडकीपुढे उभा असतो. सातबारा पिशवीत असतो, पण गट क्रमांक विचारताच तो गडबडतो. मागील हप्ता केव्हा भरला, हेही त्याला सांगता येत नाही. तोच मनुष्य बाहेर लिंबाखाली टेकला की सारे तारीखवार सांगतो. तोवर ‘सोंग करतो’ असा शेरा पडून गेलेला असतो. त्या क्षणी त्याच्या रक्तात काय चालले होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. संकटाची चाहूल लागताच त्यांतून प्रथम अ‍ॅड्रेनॅलिन आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. आठवणी साठविण्याच्या व काढून देण्याच्या कामात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, आणि नेमका हाच भाग या जातीचे संप्रेरक विशेषत्वाने धरून ठेवतो. ब्रूस मॅक्युएन यांनी १९६८ साली उंदरांच्या मेंदूत हे प्रथम दाखविले.

झुरिक येथील प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना शब्दांची यादी दिली गेली. दुसऱ्या दिवशी विचारणा होण्यापूर्वी तासभर आधी काहींना २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोनची गोळी दिली. शरीरात तिचेच कॉर्टिसॉल होते. त्यांना शब्द कमी आठवले. गोळी पाठांतराच्या वेळी दिली असता मात्र असा फरक पडला नाही. थान फडताळात शाबूत होते. ऐन गिऱ्हाइकासमोर हाती लागत नव्हते, एवढेच.

याउलट भीतीचा प्रसंग हीच संप्रेरके खोल कोरतात. हरभरा आडवा करणारी गारपीट, सावकार दारात उभा राहिलेली सकाळ वीस वर्षांनीही लख्ख आठवते; घरून सांगितलेले सामान मात्र फाट्यापर्यंत लक्षात राहत नाही. घरच्यांना त्यात बेपर्वाई दिसते आणि भांडण पेटते, हे अधिक दुःखाचे.

परीक्षेचा ताण संध्याकाळी उतरतो. कोरडवाहू कापसाचा ताण दुबार पेरणीपासून वेचणीपर्यंत, आणि कर्ज थकल्यास त्यापुढेही चालतो. कॉर्टिसॉल अतोनात स्रवणाऱ्या कुशिंग विकारात हिप्पोकॅम्पस आकसलेला आढळतो. उपचारांनंतर तो काही अंशी भरून येतो. सामान्य काळजीने इतके होईलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीपूर्वी व तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. हात आखडलेला असताना त्याच माणसांची कामगिरी कमी भरली. संशोधकांनी मात्र त्याचे कारण तणावाहून अधिक, पैशाच्या विवंचनेने व्यापलेल्या मनात शोधले.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव लोकांपर्यंत पोहोचले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाच्या २०१५ च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात यवतमाळचाही समावेश होता, आणि २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.

कॉर्टिसॉल ओसरण्यास साधारण तासभर, कित्येकदा अधिक वेळ लागतो. खिडकीपुढे गडबडलेल्या माणसाला बाकावर बसवून पाणी दिले, रांगेतील दहा जण पुढे जाऊ दिले आणि मग पुन्हा विचारले, तर गट क्रमांक बहुधा त्याच्या तोंडून आपोआप येतो.