पुस्तकं लिहून झाल्यावर लखनौ कशाला?



 काल दुपारी लखनौला गाडीतून उतरलो आणि गोमतीनगरला येण्याआधी कैसरबागेत गेलो. नवाब वाजिदअली शाहांच्या परीखान्यात आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. दोन खोल्यांमधून दोन वेगळे स्वर येत होते. बाहेरच्या पायरीवर एक मुलगा वही मांडीवर ठेवून हाताने मात्रा मोजत होता. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची सुरुवात मला तिथेच सापडली.

विषय आपल्याला ठाऊक आहे. पदव्युत्तर शिक्षण घरी बसून, पडद्यासमोर घ्यावं, की विद्यापीठात जाऊन? आपल्या घराघरांत हा प्रश्न आहे. मुलं विचारतात, सुना विचारतात, नोकरीतली माणसं विचारतात. आपण शिक्षक असल्यामुळे आपल्याला उत्तर ठाऊक असेल, असं त्यांना वाटतं.

कैसरबागेतल्या त्या विश्वविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, ते विष्णू नारायण भातखंडे मुंबईतल्या वाळकेश्वरचे. पेशाने वकील. त्यांच्या काळात गाणं उस्तादाच्या घरी होतं आणि उस्तादाच्या मर्जीवर होतं. एखादी चीज मिळवायला वर्षानुवर्षं चिलीम भरावी लागे, तरी अंतरा मिळेलच याची खात्री नसे. भातखंड्यांनी देशभर फिरून चिजा गोळा केल्या, स्वरलिपी बसवली, मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली, क्रमिक पुस्तकमालिका काढली. चीज कागदावर आली. ज्याच्या खिशात पुस्तकापुरते पैसे होते, त्याला ती मिळू लागली. आजच्या भाषेत सांगायचं, तर त्यांनी दूरशिक्षणाचं साहित्य तयार केलं. ‘गाणं कागदावर उतरत नाही’ हा तेव्हाचा आक्षेप आणि ‘शिक्षण पडद्यावर उतरत नाही’ हा आजचा आक्षेप सख्खे भाऊ आहेत.

पण मला अडवलं ते पुढच्या गोष्टीने. पुस्तकं निघाली होती, मग हे गृहस्थ साठी उलटल्यावर लखनौला कशाला आले? १९२४ आणि १९२५ साली इथे संगीत परिषदा भरवल्या, राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्यासारखी इथली माणसं जोडली आणि १९२६ साली मॅरिस कॉलेज, म्हणजे आजच्या विश्वविद्यालयाचं मूळ, उभं केलं. पुढे तिथे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. त्यांनी स्वतः बडोद्यात फैयाज खाँसाहेबांसमोर बसून तालीम घेतली होती. रातंजनकरांकडे बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा एक मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी लखनौला आला आणि त्यांच्या घरीच राहू लागला. तेच पुढचे पंडित के. जी. गिंडे. कॉलेजात वेळापत्रक होतं, अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. घरी मात्र गुरुजी सकाळी कोणता राग गुणगुणतात, कुठे अडखळतात, अडखळल्यावर काय करतात, हे त्या मुलाला ऐकायला मिळत होतं. ज्यांनी चीज कागदावर आणली, त्यांनाच कागद पुरणार नाही हे सर्वांत आधी कळलं होतं.

म्हणून पदवीचा विचार मी तीन गोष्टींत करतो: पाठ, परीक्षा आणि सहवास. पाठ दूरवर जाऊ शकतो. परीक्षाही जाते. सहवास आपोआप जात नाही, तो मुद्दाम घडवावा लागतो. पडद्यावरच्या शिक्षणात तो घडवावा लागतो, हे लगेच दिसतं. विद्यापीठाच्या आवारातही तो घडवावाच लागतो, हे मात्र आपण विसरतो.

आवारातल्या शिक्षणाला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, पण हा शब्दही जरा जपून वापरला पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. शिकवणं महाविद्यालयांकडे होतं. १८६२ साली तिथून पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांना घडवलं ते एल्फिन्स्टनमधल्या वर्गांनी आणि एकमेकांच्या संगतीने. विद्यापीठाने शिक्का दिला. शिकण्याची जागा एक आणि शिक्क्याची दुसरी, ही व्यवस्था आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. पुढे ‘एक्स्टर्नल’ एम.ए. आलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शिक्षकांनी कंदिलाच्या उजेडात पुस्तकं वाचून, मे महिन्यात परीक्षा देऊन पदव्या मिळवल्या. माझे एक शिक्षक त्यांतलेच होते. व्याकरण त्यांच्याइतकं नीट मला नंतर कुणी शिकवलं नाही.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. त्या रचनेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्र. पुस्तक घरी येतं, पण रविवारी गावातल्या कॉलेजात समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, भेटतो आणि बाकावर शेजारी कंडक्टर, परिचारिका, अंगणवाडीताई बसलेल्या असतात. मीही काही वर्षं समंत्रक म्हणून रविवार दिले. सत्राची वेळ दोन तासांची, पण खरी चर्चा सत्र संपल्यावर, एस.टी.ची वाट बघताना व्हायची.

आता ‘दूरशिक्षण’ आणि ‘ऑनलाइन’ यांतला भेद बघू. तो इथे लखनौत बसलेल्यांच्या फार कामाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे राज्य विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला राज्याच्या हद्दीचं बंधन आहे, मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमाला ते नाही. म्हणजे महाराष्ट्रातली अभ्यासकेंद्रं आपल्या दारापर्यंत येणार नाहीत, पडदा येईल. २०२२ साली आयोगाने हेही स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. जाहिरातीवर आणि दलालावर विसंबू नका.

गेल्या वर्षी याच गोमतीनगरातून मला एका बाईंचा फोन आला. लग्न होऊन इथे आलेल्या, दोन मुलं, नवऱ्याची बदलीची नोकरी. त्यांनी मराठीत एम.ए. करायला घेतलं होतं, ऑनलाइन. रात्री मुलं झोपली की साडेदहाला व्याख्यानं ऐकायच्या. गुण उत्तम पडले. मी अभिनंदन केलं, तेव्हा त्या थोडं थांबून म्हणाल्या, “सर, दोन वर्षांत मी कुणाशी मराठीत एकदाही भांडले नाही.” त्यांना कवी मर्ढेकरांबद्दल भांडायचं होतं. त्यांना ते आवडले नव्हते, आणि ‘तुमचं चुकतंय, हे परत वाचा’ असं म्हणणारं माणूस त्यांना हवं होतं. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या चौकटीत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि स्वयंमूल्यमापनाबरोबर चर्चामंचही असतो. त्यांच्या चर्चामंचावर परीक्षेच्या तारखा विचारल्या जात.

मात्र या एका गोष्टीवरून ऑनलाइनला नावं ठेवायला मी तयार नाही. तो अभ्यासक्रम नसता, तर त्या बाईंच्या आयुष्यात मर्ढेकर आलेच नसते. लखनौत राहून मराठी एम.ए. करायला त्यांना दुसरा कोणता दरवाजा उघडा होता?

आणि आवारातलं शिक्षण म्हणजे सहवास, असं तरी कुठे आहे? मी जिथे एम.ए. केलं, तिथे एक प्राध्यापक दोन वर्षं पिवळ्या पडलेल्या कागदांवरून टिपणं सांगत होते. आम्ही मान खाली घालून उतरवत होतो. मागच्या बाकावरचा मुलगा आणि फळ्याजवळचे सर यांच्यात जितकं अंतर होतं, तितकं पुढे मला मुंबई आणि लंडनमध्येही वाटलं नाही. तिथेच दुसरे एक सर होते. ते तास संपला की ग्रंथालयापर्यंत चालत जात आणि आम्ही त्यांच्याबरोबर. त्या पाच मिनिटांच्या चालण्यात मी जे शिकलो, त्यावर माझी नोकरी उभी राहिली. विद्यापीठ एकच, फीही एकच, पण एका तासात सहवास होता आणि दुसऱ्यात फक्त हजेरी.

तेव्हा मला जे वाटतं ते उघड सांगतो. वय बाविशीचं असेल, घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर मुलांनी घर सोडावं, वसतिगृहात राहावं, विद्यापीठात जावं. त्या वयात बरोबरची मुलं शिकवतात, ते कुठल्याही व्याख्यानात नसतं. प्रयोगशाळेचं शास्त्र असेल, तर प्रश्नच नाही. वैद्यक, परिचर्या, वास्तुकला यांचं पदवीशिक्षण ऑनलाइन देता येत नाही, पीएच.डी.ही नाही, हे आयोगाचे निर्बंध मला योग्य वाटतात. पण पस्तिशीतली बाई, बँकेतला कारकून, तालुक्याच्या गावातला शिक्षक यांनी ऑनलाइन एम.ए. करताना मान खाली घालू नये. मुलाखतीच्या मंडळावर बसून मी स्वतः कधी काळी एका उमेदवाराला “नियमित केलंत की बाहेरून?” असं विचारलं होतं. त्याचा चेहरा उतरला. तो प्रश्न मी विचारायला नको होता. त्याला काय येतं, एवढंच मी विचारायला हवं होतं.

परीक्षेचं एक सांगतो. मद्रासच्या आयआयटीने ऑनलाइन पदवी सुरू केली, पण परीक्षेला मुलांना केंद्रावर येऊन बसावं लागतं. मला हे पटतं. घरच्या कॅमेऱ्यासमोर दिलेल्या परीक्षेबद्दल समाजाच्या मनात शंका राहिली, तर तिचा फटका प्रामाणिक मुलांनाच बसतो.

राहिला सहवास. तो विद्यापीठ पाठवणार नाही, सरकार पाठवणार नाही. तो आपल्या हातात आहे. या सभागृहात आज निदान तीस-चाळीस माणसं अशी आहेत, ज्यांनी आयुष्यभर वर्ग घेतले आहेत. या शहरात आणि आसपास ऑनलाइन शिकणारी मराठी मुलंमुली, सुना, नोकरदार आहेत. कुणी मराठीत एम.ए. करतंय, कुणी वाणिज्य, कुणी व्यवस्थापन. त्यांना महिन्यातला एक रविवार द्यावा, असं मी सुचवतो. खोली कुणाच्याही घरची चालेल. अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाचा असो. एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने खोडायचा, तिसऱ्याने चहा करायचा.

आयोजकांशी मी सकाळी बोललो आहे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर जे शिकतात त्यांनी नाव आणि विषय लिहायचा, उजव्या पानावर जे वेळ देऊ शकतात त्यांनी. मगाशी येताना मी उजव्या पानावर पहिलं नाव लिहिलं आहे. मी पुण्यात राहतो, त्यामुळे एक रविवार प्रत्यक्ष येईन आणि बाकीचे पडद्यावरून. पहिल्या बैठकीचा विषयही ठरला आहे, मर्ढेकर. त्या बाईंना मी निरोप दिला आहे. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत आणि भांडायची तयारी करून आल्या आहेत.