अनुदानाच्या यादीत कोणाची नावे आहेत?



सरकारी तिजोरीतून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या पैशासंबंधी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. ज्यांच्याजवळ वीतभर जमीन नाही त्यांना या विषयाशी काय कर्तव्य, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. मला अगदी उलट वाटते. ज्याचे नाव यादीत नाही, त्यानेच ती यादी प्रथम मागितली पाहिजे.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनी बँकेच्या खात्यात जमा होतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने तितक्याच रकमेची स्वतंत्र योजना जोडली. आरंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती त्याच वर्षी उठविण्यात आली. मुख्य अट मात्र कायम राहिली, ती म्हणजे जमिनीच्या कागदावर नाव असण्याची. दुसऱ्याची जमीन वाट्याने वा खंडाने कसणारा आणि रोजाने राबणारा, यांना या योजनेत स्थान नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, १९५९ व १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले. जमीन कोणाच्या नावे, हा तोच जुना प्रश्न आज हप्त्याच्या रूपाने पुन्हा आपल्या दाराशी उभा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. प्राप्तिकर भरणारास हा पैसा मिळू नये, असा नियम आहे. तरीही २० लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना सुमारे १,३६४ कोटी रुपये गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारेच होते, असे केंद्रीय कृषी खात्याच्या उत्तरावरून २०२१ च्या आरंभी उघड झाले. हे उत्तर खात्याने आपण होऊन दिले नव्हते; माहितीच्या अधिकाराखाली एका नागरिकाने अर्ज केला, तेव्हा ते मिळाले.

२००५ च्या त्या कायद्याचे कलम ४ आपल्या मुलांकडून अवश्य वाचून घ्या. अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रक्कम ठेवली व तिचा लाभ कोणी घेतला, याचा तपशील सरकारी कचेरीने स्वतः प्रसिद्ध करावा, असे ते सांगते. हा हक्क वरून उतरलेला नाही. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातील कोट किराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरविली आणि सरकारी कामाचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचले. ज्यांना अक्षर ओळखीचे नव्हते, त्यांनीही आपले नाव ऐकून खरेखोटे सांगितले.

याला एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माणसाची मिळकत चारचौघांत का मांडावी? युरोपात जर्मनीतील शेतकऱ्यांनी हीच तक्रार केली आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने व्यक्तींची नावे सरसकट छापण्याचे नियम रद्द ठरविले. पुढे २०१३ साली नवा कायदा झाला. नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली. अगदी लहान रक्कम घेणाऱ्याचे नाव मात्र वगळण्यात आले. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे २०२३ च्या माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली आहे. खातेक्रमांक व आधारक्रमांक झाकावेत, त्यास माझी ना नाही. परंतु नाव, गाव आणि रक्कम झाकली, तर लाज गरिबाची राखली जाते की धनिकाची? कलम ४ मधील अनुदानाविषयीची तरतूद अद्याप शाबूत आहे, आणि व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते असे कलम ८ चे दुसरे पोटकलम सांगते. नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास या दोन्ही गोष्टी दाखवा.

अर्जास १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर यावयास हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करावे. एका गावाच्या एका वर्षाचीच यादी मागा, म्हणजे अर्ज फेटाळण्यास सबब उरणार नाही. आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.