पाहुण्याच्या हातातली कात्री



या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, त्याबद्दल आभार. एवढ्यावरच थांबतो, कारण आज मला भांडायचे आहे.

काल याच सभागृहात विनोदावर परिसंवाद झाला. वक्ते बदलले, सूर बदलला नाही. विनोदाकडे विनोद म्हणून बघावे, त्यात राजकारण शोधत बसू नये, हसावे आणि घरी जावे. त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना माझा विरोध आहे आणि तो मी एकाच दाखल्यावर उभा करणार आहे. दाखला दूरचा नाही. आपण न्यू जर्सीत जमलो आहोत. हडसन नदी ओलांडली की मॅनहॅटनमध्ये रॉकफेलर सेंटर आहे आणि तिथल्या स्टुडिओ 8एचमधून 'सॅटरडे नाइट लाइव्ह' हा प्रहसनांचा कार्यक्रम 1975 सालापासून शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होतो. त्याच्या 7 नोव्हेंबर 2015 च्या भागाबद्दल मी बोलणार आहे. त्या रात्रीचे प्रमुख पाहुणे होते डोनाल्ड ट्रम्प.

आधीचे पाच महिने आठवा. 16 जून 2015 ला ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली आणि त्याच भाषणात मेक्सिकोतून येणाऱ्या माणसांना गुन्हेगार आणि बलात्कारी ठरवले. दोन आठवड्यांच्या आत एनबीसी वाहिनीने त्यांच्याशी असलेले व्यावसायिक संबंध तोडले. कारण उघडपणे सांगितले होते, ही वक्तव्ये आम्हाला मान्य नाहीत. मग ऑक्टोबरमध्ये त्याच वाहिनीने त्याच माणसाला आपल्या सर्वांत प्रतिष्ठित विनोदी कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावले. मधल्या काळात त्यांनी ते शब्द मागे घेतले होते का? नाही. दिलगिरी व्यक्त केली होती का? तीही नाही. बदलले होते फक्त जनमत चाचण्यांतले त्यांचे स्थान. लॅटिनो संघटनांनी निदर्शने केली, काँग्रेसमधल्या हिस्पॅनिक सदस्यांच्या गटाने निमंत्रण मागे घ्या म्हणून सांगितले, लाखो सह्या गोळा झाल्या. निमंत्रण कायम राहिले.

आता त्या भागाकडे येऊ. सुरुवातीच्या स्वगतात ट्रम्प मध्ये उभे होते आणि त्यांची नक्कल करणारे दोन नट, टॅरन किलम आणि डॅरेल हॅमंड, त्यांच्या दोन बाजूंना. ही मांडणी नीट पाहा. नक्कल करणारे ज्याची नक्कल करतात, त्याच्याच शेजारी त्याची शोभा वाढवायला उभे केलेले! तेवढ्यात बाजूने आवाज आला, ट्रम्प वंशवादी आहेत म्हणून. ओरडणारे होते विनोदी लेखक-नट लॅरी डेव्हिड. असे ओरडले तर पाच हजार डॉलर मिळतात असे ऐकले म्हणून ओरडलो, असा खुलासा त्यांनी केला. व्यापारी म्हणून हे मला पटते, अशा अर्थाचे उत्तर ट्रम्प यांनी दिले. प्रेक्षक खळखळून हसले.

ते पाच हजार डॉलर खरे होते. निदर्शकांच्या एका गटाने कार्यक्रमात कुणी उठून तसे ओरडले तर तेवढे बक्षीस देऊ, असे जाहीर केले होते. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसांचा राग कार्यक्रमाने उचलला, त्यातला दात काढला आणि ज्याच्यावर तो राग होता, त्याच्याच हातात खेळणे म्हणून दिला. त्यानंतर स्टुडिओत कुणी खरोखर उठून ओरडले असते, तरी तो शिळा विनोद ठरला असता. मला त्या रात्रीतला हा सर्वांत लाजिरवाणा क्षण वाटतो. किलम यांनीही पुढे मुलाखतीत त्या भागाची लाज वाटते, असे स्पष्ट सांगितले.

मग व्हाइट हाऊसचे प्रहसन आले. साल 2018, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष. आयसिसचा नायनाट झाला आहे. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष सीमेवरच्या भिंतीच्या खर्चाचा वीस अब्ज डॉलरचा धनादेश घेऊन हसत हसत आले आहेत. ट्रम्प यांची मुलगी इव्हांका स्वतः एका छोट्या भूमिकेत. शेवटी ट्रम्प कॅमेऱ्याकडे वळून सांगतात, प्रत्यक्षात याहूनही छान होणार आहे. यात टर कुणाची उडवली? मला शोधून सापडली नाही. प्रचाराची जाहिरात याहून वेगळी काय करते? जाहिरातीला निदान पैसे मोजावे लागतात. नियमही तेच सांगत होता. समान वेळेच्या तरतुदीमुळे एनबीसीच्या काही केंद्रांना इतर रिपब्लिकन उमेदवारांना प्रक्षेपणाचा वेळ द्यावा लागला. ट्रम्प पडद्यावर किती होते, याचा हिशेब तेव्हा झाला: 12 मिनिटे 5 सेकंद. सरकारी नियमाला जो प्रचार दिसला, तो लेखकांच्या खोलीत बसलेल्यांना दिसला नाही?

दिसला असणार. पण तिथली कामाची रीतच अशी आहे. मंगळवारी रात्रभर लेखक लिहितात, बुधवारी सगळ्यांसमोर वाचन होते, त्या वाचनाला पाहुणा हजर असतो आणि स्वतःच्या भूमिका तोच वाचतो. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, मग शेवटची काटछाट. नट किंवा गायक पाहुणा असेल, तर यात वावगे काही नाही. सत्ता मागायला निघालेला माणूस त्या टेबलाशी बसला, की त्याच्याविरुद्धचे प्रत्येक वाक्य त्याच्या संमतीने जगते किंवा मरते. कात्री पाहुण्याच्या हाती असते.

माझे म्हणणे तपासायला त्याच भागात पुरावा आहे. बातम्यांच्या विडंबनात बॉबी मॉयनिहन यांचा 'ड्रंक अंकल' आला. दारूच्या नशेत कुटुंबाच्या पंगतीत बसून सगळ्यांचा द्वेष करणारा हा म्हातारा ट्रम्पवर बेहद्द खूश होता. जणू आपणच उमेदवार आहोत, असे त्याला वाटत होते. प्रचाराच्या मुळाशी असलेला विखार त्या रात्री एवढ्या एकाच तुकड्याने उघडा केला. त्या तुकड्यात ट्रम्प नव्हते!

आणि हाच स्टुडिओ 3 ऑक्टोबर 1992 ला काय करत होता, तेही ऐका. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर यांनी गाण्याच्या शेवटी पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र थेट प्रक्षेपणात फाडले. चर्चमध्ये मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्धचा तो निषेध होता. तालमीत त्यांनी वेगळेच छायाचित्र हाती धरले होते, म्हणून कुणाला त्यांना अडवता आले नाही. पुढच्याच आठवड्यात नट जो पेशी यांनी ते छायाचित्र चिकटवून प्रेक्षकांना दाखवले आणि टाळ्या घेतल्या. ओकॉनर त्या मंचावर पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्या खरे बोलत होत्या, हे जगाला पुढे कळले. परवानगी न घेता खरे बोलणाऱ्या बाईला दार बंद आणि संबंध तोडलेल्या उमेदवाराला साडेतीन महिन्यांत पायघड्या. हा न्याय मला मान्य नाही.

नंतर या कार्यक्रमाने ट्रम्पची भरपूर खिल्ली उडवली की, असे कुणी म्हणेल. उडवली. 2016 च्या ऑक्टोबरपासून नट अलेक बाल्डविन ट्रम्प होऊन ओठ मुरडत, डोळे बारीक करत आले आणि त्यांना एमी पुरस्कारही मिळाला. पण ओठ आणि केस म्हणजे धोरण नव्हे. 2008 मध्ये याच कार्यक्रमात टीना फे यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या मुलाखतीतली काही वाक्ये जवळपास जशीच्या तशी उच्चारली होती. ती जास्त झोंबली, कारण तिथे विनोदाने पुरावा मांडला होता. 2015 ची संधी मात्र गेली ती गेलीच. त्या रात्री जवळपास 93 लाख लोक बघत होते, सुमारे चार वर्षांतला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग. निमंत्रणाचा मोबदला वाहिनीला मिळाला. ज्याला सलगीने बोलावले, तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर डिसेंबर 2018 मध्ये असले कार्यक्रम न्यायालयात तपासावेत, असे म्हणू लागला.

आता आपल्याकडे वळतो. 2015 मध्ये इथल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत ऐकू येणारे वाक्य मला आठवते: "ते मेक्सिकनांबद्दल बोलतायत, आपल्याबद्दल नाही." आपण रांगेत उभे राहून, कागदपत्रे भरून आलो, म्हणून आपण वेगळे! पण 19 सप्टेंबर 2025 ला ट्रम्प यांनीच एच-1बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला, तेव्हा पुण्या-नाशकात सुट्टीला गेलेली मुले रातोरात विमानतळांकडे धावली. शेजाऱ्याच्या अपमानावर जो हसतो, त्याने आपली पाळी आल्यावर इतरांच्या मौनाबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करावी?

आपल्याला हे कळायला हवे होते, कारण आपली परंपरा याच्या उलट आहे. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या समोर बसलेल्या मातब्बरांना सोडत नाही, सुपारी कुणीही दिलेली असो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके राजाच्या दरबारातून चालू राज्यकर्त्यांची रेवडी उडवत. आणि साहित्य संमेलनाचेच उदाहरण हवे असेल, तर 1975 साली आणीबाणीत कराडला यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, केंद्रातले मंत्री होते आणि अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी त्यांच्यादेखत आणीबाणीचा निषेध केला, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. दुर्गाबाई पाहुण्या होत्या आणि व्यवस्था सत्ताधाऱ्यांची होती. मंच आणि वेळ दोन्ही स्वतःचे असूनही त्या स्टुडिओला जे जमले नाही, ते त्यांनी मंत्र्याच्या मांडवात उभे राहून केले. पुढे त्याची किंमत तुरुंगात जाऊन मोजली.

म्हणून माझी मागणी अगदी जवळची आहे. आपल्या मंडळांच्या प्रहसन स्पर्धांच्या संहिता आधी देणगीदारांच्या प्रतिनिधींकडे जातात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुठल्या व्यवसायावर बोलायचे नाही, भारतातल्या कुठल्या नेत्याचे नाव घ्यायचे नाही, हे तिथे ठरते. मग आपली मुले नवरा-बायको आणि सासू-सुनेवरच लिहीत राहतात आणि आपण त्यांना निर्मळ विनोद म्हणून पारितोषिके देतो. ही प्रथा बंद झाली पाहिजे. संहिता परीक्षकांखेरीज कुणालाही आधी दाखवली जाणार नाही आणि निवडणुकीला उभा असलेला उमेदवार, इथला असो की तिथला, प्रहसनांच्या मंचावर पाहुणा म्हणून बोलावला जाणार नाही, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडतो आहे. देणगी परत जाणार असेल तर जाऊ द्या, वर्गणी वाढवू. विषय नियामक समितीने हा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात घ्यावा आणि मतदान हात वर करून व्हावे. विरोधात कोण आहे, ते सगळ्यांना दिसू द्या.