मिनिटभराचा सचेतनपट आणि जगाचे प्रश्न

(इस्लापूर येथील विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी केलेले भाषण)



'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी एक अगदी छोटे चित्र काढले होते. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे टिपत राहिले. बी रुजते, अंकुर डोके वर काढतो, वेल चढू लागते, हे सारे पडद्यावर मिनिटभराहून किंचित अधिक वेळात घडले. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. ते पाहून काहींनी त्यांना कर्ज देऊ केले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या चित्रात त्यांनी काडेपेटीतील काड्याच पडद्यावर नाचविल्या. ना नट, ना पोशाख, ना राजवाडा!

सचेतनपटाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या कार्टूनपटाचे, मर्म एवढेच. वस्तू तसूभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते धरले तरी ७२० चित्रे लागतात. इतके कष्ट पडू लागले की विषयातील फापटपसारा आपोआप गळतो.

तरुणांनी जगाच्या प्रश्नांचा विचार करावा म्हणून अशा लघुपटांच्या स्पर्धा हल्ली ठिकठिकाणी होतात. हवामानबदल, पाणी, भूक, स्थलांतर असे मोठमोठे विषय दिले जातात आणि येथेच घोटाळा होतो. जागतिक प्रश्न म्हटला की पृथ्वीच्या गोळ्याला डोळे काढायचे व त्यातून अश्रू गाळायचे! परीक्षकांनी असे रडके गोळे पुष्कळ पाहिलेले असतात. विजया मुळे यांनी १९७४ मध्ये भीमसैन यांच्या साहाय्याने केलेल्या 'एक अनेक और एकता' या कार्टूनपटाचा विषय काही लहान नव्हता. पण लक्षात राहिली ती जाळ्यात सापडलेली आणि जाळ्यासकट उडून गेलेली पाखरे.

इस्लापूरच्या मुलांना गोळ्याची गरज नाही. गावाजवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात तो कसा कोसळतो आणि उन्हाळ्यात कसा रोडावतो, हे त्यांनी पाहिले आहे. मृगाच्या भरवशावर सोयाबीन पेरले, बी रुजले आणि पावसाने दडी मारली म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, आणि तो पुष्कळदा उसनवारीने. तापमानवाढीने पावसाचा लहरीपणा वाढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात; ती वाढ रोखण्यासाठी २०१५ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी करार केला. फाळक्यांचा अंकुर वाढत गेला. इस्लापूरचा अंकुर मान टाकतो आणि त्याच तासात तोच हात दुसऱ्यांदा बी सोडतो. एवढे दाखविले तर केनियातील शेतकऱ्याच्या मुलाला दुभाष्या लागणार नाही.

भाषेची गोष्ट तर विशेष महत्त्वाची. किनवट तालुक्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू बोलली जाते. वर्गात उत्तर देताना अडखळणारी मुलगी येथे मागे राहण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांची संहिता स्वीकारली. तिच्या प्रसारासाठी युनिसेफने अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे कार्टूनपट करवून घेतले, तेही संवादाविनाच.

अडचण आहे ती साधनाची. घरात मोबाईल एकच असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर शेतात जातो. महिनाभर तो रोपासमोर कोण ठेवू देईल? यावर तोड आहे. एक विटेचा ओटा रचावा, मोबाईल टेकविण्याची जागा चुन्याने आखावी आणि रोज ठरल्या वेळी तेथेच ठेवून चित्रे टिपावीत. तेही जमत नसेल तर बिया, सरकी, काड्या घेऊन एखाद्या रविवारी काम उरकावे. स्पर्धा भरविणाऱ्यांनीही थोडे पाहावे. मुदत पंधरा दिवसांची ठेवली तर पीक दिसणारच नाही. ती पेरणीपासून निदान दोन महिन्यांची असावी. गटाने प्रवेश घेता यावा, अर्ज मराठीत असावा, आणि शाळेचा एकच मोबाईल पाच गटांनी वापरला तरी कोणाची हरकत नसावी. ओटा मात्र आता रचून ठेवावा, कारण पहिल्या दिवशीचे चित्र हुकले की ते पुन्हा मिळत नाही.