गणित कोणासाठी?

अमेरिकेतील अॅनापोलिस येथील सेंट जॉन्स महाविद्यालयात १९३७ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला, मग त्याचा ओढा काव्याकडे असो वा तत्त्वज्ञानाकडे, चारही वर्षे गणित अनिवार्य आहे. गणिताच्या तासाला व्याख्यान नसते. प्रथम वर्षी विद्यार्थी स्वतः फळ्यापाशी उभा राहून युक्लिडचे प्रमेय सिद्ध करतो. अडखळल्यास सहाध्यायी प्रश्न विचारतात. पुढे टॉलेमी, देकार्त, न्यूटन यांचेच ग्रंथ अभ्यासले जातात. चौथ्या वर्षी लोबाचेव्हस्की येतो आणि प्रथम वर्षी स्वीकारलेले समांतर रेषांचे गृहीतक बाजूस सारून निराळी, तितकीच सुसंगत भूमिती उभी करतो. हिशेब अचूक ठेवण्यास गणित हवेच; परंतु हिशेबाच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासण्याचे धैर्यही तेच देते. शिष्यवृत्ती देताना ‘या विषयाचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.