खोडलेली नोंद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



गाझियाबादसारख्या तापलेल्या गावी मी ध्रुवप्रदेशाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मराठी माणसाला हा विषय अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ऋग्वेदातील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून, आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असल्याचे प्रतिपादन केले. आजचे विद्वान ते मान्य करीत नाहीत. तथापि लोकमान्यांना जो ध्रुवप्रदेश केवळ ग्रंथांतून न्याहाळता आला, तेथे आज भारताचे स्वतःचे संशोधनकेंद्र आहे. स्वालबार्ड बेटांवरील न्यू-आलेसुंड येथे, ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावर, १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' सुरू झाले. त्याची व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते.

कॅनडातील 'स्टुडंट्स ऑन आइस' या संस्थेने २००० सालापासून शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांसमवेत ध्रुवप्रदेशी नेण्याचा उपक्रम चालविला. एवढ्या दूर मुलांना कशासाठी न्यावयाचे? ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवते आणि उघडा समुद्र तो बहुतेक सगळा शोषून घेतो, हे पुस्तकातही वाचता येते. मग प्रत्यक्ष जाण्याने अधिक काय मिळते?

याचे उत्तर मला माझ्याच चुकीने दिले. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. एकदा गच्चीवर मुलांकडून बर्फाच्या लाद्या उन्हात ठेवविल्या. काहींवर काजळी भुरभुरविली. काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून तो बर्फ आधी वितळावा, अशी अपेक्षा. एका मुलीने मात्र काजळीऐवजी मातीचा चांगला जाड थर दिला. तिचा बर्फ सर्वांत शेवटी वितळला. मी म्हणालो, "चुकलीस." तिने निमूटपणे नोंद खोडली आणि पुस्तकातले उत्तर लिहिले.

पुढे हिमनद्यांविषयी वाचताना कळले की तिची नोंदच खरी होती. धुळीचा पातळ थर बर्फ लवकर वितळवतो. दगडमातीचा जाड थर त्याला पांघरुणासारखा जपतो. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग अशाच दगडमातीने झाकलेला आहे. त्याच गंगेचे पाणी हरिद्वारहून कालव्याने मुरादनगरला येते आणि आपल्या काही वसाहतींच्या नळांतून वाहते. म्हणजे त्या मुलीने आपल्या घरच्या पाण्याचेच एक रहस्य टिपले होते, आणि शिक्षकाने ते खोडावयास लावले!

सज्जनहो, हिमनदीवर रोवलेली काठी वर्षभरात किती उघडी पडली, हे मोजणाऱ्या मुलाला पुस्तकाच्या अखेरीस उत्तर सापडत नाही. दिसेल तेच लिहावे लागते. क्षेत्रकार्याचे खरे शिक्षण हेच. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक वेगाने तापत असता, अशा प्रामाणिक नोंदींवाचून आपणांस पुढचे काही कळणार नाही.

प्रत्येक मूल 'हिमाद्री'पर्यंत पोहोचेल असे नाही. परंतु गच्ची प्रत्येकाला आहे, आणि गंगोत्री एका सुट्टीच्या अंतरावर आहे. मंडळाने सहलींत तापमापक व वही यांनाही स्थान द्यावे, एवढीच माझी विनंती. आणि मुलाची नोंद आपल्या अपेक्षेशी जुळली नाही, तर खोडरबर हाती देण्यापूर्वी पुन्हा एकदा बर्फाकडे पाहावे.