बंब येण्यापूर्वीची पाच मिनिटे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहिले की परीक्षा, शिष्यवृत्ती, मुलींचे शिक्षण यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मी शेगडी, गॅसची नळी आणि दाराची कडी यांविषयी बोलणार आहे. विषय साधा आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या मुलीला डॉक्टर करण्याचे स्वप्न आपण पाहतो, ती रात्री ज्या खोलीत झोपते तिथून बाहेर पडायला वाट किती, हा प्रश्नही तिच्या शिक्षणाइतकाच तिच्या भवितव्याचा आहे.

वर्तमानपत्रात आगीची बातमी आली की साताऱ्याच्या पेठेत काय किंवा सांगलीच्या बाजारात काय, चहाच्या टेबलावर तीन मते हमखास ऐकू येतात. पहिले, "बंब उशिरा आला." दुसरे, "नशिबात होतं, कोण काय करणार?" आणि तिसरे, "आमच्याकडे तसं काही होत नाही." या तिन्ही मतांत एक समान गोष्ट आहे. ती व्यक्त केल्यावर बोलणाऱ्याला स्वतःला काहीच करावे लागत नाही.

पहिले मत घेऊ. बंब उशिरा येतो, हे कधी कधी खरे असते आणि त्याचा जाब नागरिकांनी विचारलाच पाहिजे. पण तो येतो कुठून आणि कसा, याचाही विचार करू. घाबरलेला माणूस १०१ वर फोन करून म्हणतो, "मशिदीजवळ आग लागली, लवकर या!" कोणती मशीद? आपल्या गावात मशिदी काय एक आहेत? मग गल्लीच्या तोंडाशी दोन हातगाड्या, दुतर्फा मोटारसायकली, कोणी पुढे काढलेली पायरी, कोणाच्या लग्नाचा रस्ताभर घातलेला मांडव. बंब चौकात उभा राहतो आणि जवान पाइप खांद्यावर टाकून धावत आत येतात. हा उशीर कोणाचा? अर्धा तरी आपला आहे.

शिवाय आग कोणाची वाट पाहत नाही. बंब अगदी वेळेवर निघाला तरी पहिली पाच मिनिटे घरातल्या माणसांचीच असतात. तेवढ्यात एक तर आग ताटाखाली विझते, नाही तर माळ्यापर्यंत पोहोचते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आठवा. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. वाई तालुक्यातील मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. माणसे घसरली, मागचा लोंढा थांबेना. त्या गोंधळात वाटेवरच्या दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे ३०० माणसे गेली. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. अरुंद चढ, दुतर्फा दुकाने आणि अशी गर्दी! तिथे बंब असता तरी तो पोहोचणार कसा? ते दुःख एका समाजाचे नव्हते. मिरजेला हजरत मीरासाहेबांच्या उरुसाला आपणही गर्दीतून चालतोच. ईदच्या नमाजाला, लग्नाच्या हॉलमध्ये आपणही शेकड्यांनी जमतो. त्या हॉलचे दुसरे दार कुठे आहे आणि ते उघडे आहे का, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? पुष्कळदा त्या दाराआड खुर्च्यांची थप्पी असते, नाही तर बिर्याणीच्या देगा!

आता दुसरे मत, नशिबाचे. हे मत आपण श्रद्धेच्या नावाखाली मांडतो, म्हणून त्यावर थोडे स्पष्ट बोलतो. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. ही वार्ता पैगंबर साहेबांना (स.) समजली तेव्हा त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवीत जा, अशी आज्ञा केली. उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवू शकतो, इतक्या बारीक गोष्टीचाही इशारा हदीसमध्ये आला आहे. हे सहीह बुखारीत नमूद आहे. म्हणजे रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करणे हे केवळ गॅस कंपनीचे सांगणे नाही, ते आपल्या दीनचेही सांगणे आहे. आधी तजवीज आणि मग तवक्कुल. तजवीज न करता नशिबाला दोष देणे म्हणजे आपला आळस अल्लाहच्या नावावर लिहिणे होय.

तिसरे मत, "आमच्याकडे तसं होत नाही." १६ जुलै २००४ च्या सकाळपर्यंत तमिळनाडूतील कुंभकोणमच्या एका शाळेतही हेच वाटत असेल. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्या दुर्घटनेनंतर चाललेल्या दाव्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. म्हणून पालकांनी शाळेत येऊन गुण विचारावेत, तसेच आग विझविण्याचे नळकांडे कुठे आहे, ते शेवटी कधी भरले आणि ते चालविता कोणाला येते, हेही विचारावे. आमच्या संस्थेलाही विचारावे. आम्हाला राग येणार नाही, आणि आला तरी विचारावे.

आता घरात चला. जुन्या वाड्यांतून लाकडी माळे आहेत. बाजारपेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड आहे, उतरायला जिना एकच. त्या जिन्यावर पुठ्ठ्याची खोकी, रंगाचे डबे, जुनी गादी. घरात दुसरी वाट नसेल तर आहे ती तरी मोकळी ठेवा. रात्री दाराला आतून कुलूप घालीत असाल तर किल्ली दाराजवळच्या एका खिळ्याला लावा आणि तो खिळा लहान पोरालाही माहीत असू द्या. अंथरुणाला खिळलेली दादी किंवा नानी आतल्या खोलीत असेल तर तिला कोण उचलणार, हे आजच ठरवा. बॅटरीवरची दुचाकी जिन्याखाली, बाहेर पडण्याच्या वाटेवर, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. बटणाची बारीक ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही, दार उघडावे लागते. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. शेकडो रुपयांची मिठाई वाटणारे आपण, नळीच्या बाबतीत मात्र काटकसर करतो!

कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका. पेटते तेल उसळून तोंडावर येते. शेगडी बंद करा, कढईवर ताट झाका आणि ती थंड होईपर्यंत ताट उचलू नका. विजेच्या आगीवरही पाणी नको, आधी मेन स्विच बंद.

माझ्या भगिनींना एक विनंती आहे. नायलॉनची ओढणी आणि शेगडी यांचे वैर आहे. असे कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाक करताना सुती ओढणी घ्या आणि ती मागे खोचा. कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नका. वाऱ्याने ज्वाला वाढते. जमिनीवर आडवे व्हा, लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घाला. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नका, डॉक्टरकडे न्या. आणखी एक. आग लागली असता बुरखा शोधण्यासाठी, दागिन्यांचा डबा काढण्यासाठी कोणीही थांबू नये. जीव वाचविण्याच्या घडीला आपला धर्म आपल्याला अडवीत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठीही काम आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि दारूगोळाही होता. आग विझवीत असतानाच स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावरच मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवशी शेजारच्या बोटींवरील काहींना धूर आधीच दिसला होता, पण कोणी तरी पाहिले असेलच, असे समजून ते गप्प राहिले. तुम्ही तसे करू नका. धूर दिसला की ओरडा आणि मोठ्यांना सांगा. १०१ किंवा ११२ वर गाव, पेठ, गल्ली, जवळची ठळक खूण, काय पेटले आहे आणि आत कोणी आहे का, हे नीट सांगायला शिका. मग एकाने मोठ्या रस्त्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवावी. धुरात अडकलात तर उभे राहू नका, जमिनीलगत रांगत दाराकडे जा. पलंगाखाली किंवा कपाटात लपू नका. आणि एकदा बाहेर आलात की दप्तरासाठीसुद्धा परत आत जाऊ नका. दप्तर संस्था नवीन देईल.

पालकहो, मी आपल्याकडे देणगी मागत नाही. आज रात्री झोपण्यापूर्वीची पाच मिनिटे मागतो. रेग्युलेटर बंद करा, जिना मोकळा करा, किल्ली खिळ्याला लावा आणि मुलांना एकदा अंधारात दारापर्यंत चालवून पाहा. उद्या सकाळी आपल्या मोटारसायकलीने गल्ली अडते का, हेही पाहा. एवढे केल्यावर मग चहाच्या टेबलावर बसून बंब उशिरा का आला, हे नगरपालिकेला खुशाल विचारा. त्या वेळी तुमच्या प्रश्नाला वजन असेल.

अल्लाह आपल्या घरांचे, शाळांचे आणि आगीत उडी घेणाऱ्या त्या जवानांचे रक्षण करो, आमीन. 

खुदा हाफिज. जयहिंद.